रग्बीचे मुख्याध्यापक डॉ. थॉमस आर्नल्ड

शालान्त परीक्षेत यश मिळविलेल्या ज्ञातीतील मुलामुलींची छायाचित्रे या स्मरणिकेत दरवर्षी छापली जातात. समारंभात त्यांना पुष्पगुच्छ व पारितोषिक मिळते आणि टाळ्यांच्या गजरात ती व्यासपीठावरून खाली उतरतात. पुढील दोन वर्षे, म्हणजे अकरावी आणि बारावीची, ही मुले कोठे राहतात, अभ्यासात अडली तर कोणाकडे जातात, मन खचले तर कोणापाशी बसतात, याची विचारपूस करणारा मनुष्य मात्र आपल्यात क्वचितच आढळतो. पारितोषिके वाटणे सोपे आहे. विचारपूस करीत राहणे कठीण. आमचे सारे आयुष्य शाळामास्तरकीत गेले असल्यामुळे ही उणीव आम्हांस विशेष जाणवते. म्हणून नेमक्या याच वयाच्या मुलांसाठी ज्याने आपली बुद्धी, वेळ व घर खर्ची घातले, अशा एका आंग्ल शिक्षकाचे चरित्र यंदा ज्ञातिबांधवांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रारंभीच एक खुलासा केला पाहिजे. इंग्लंडातील शाळांत वर्गाला ‘फॉर्म’ म्हणतात आणि सर्वांत वरच्या वर्गाला ‘सिक्स्थ फॉर्म’. हा सहावा वर्ग म्हणजे आपली इयत्ता सहावी नव्हे. त्यात सोळा ते अठरा वर्षांची, विद्यापीठाच्या उंबरठ्यावर उभी असलेली मुले असतात. बालपण संपलेले, प्रौढपण आलेले नाही, असे ते वय. या वर्गाला शाळेचा केवळ शेवटचा वर्ग न मानता शाळेचा कणा मानण्याची दृष्टी ज्यांच्यामुळे रूढ झाली, ते डॉ. थॉमस आर्नल्ड होत.

आर्नल्ड यांचा जन्म १३ जून १७९५ रोजी आइल ऑफ वाइट या बेटावरील वेस्ट काउझ गावी झाला. वडील विल्यम आर्नल्ड हे जकात खात्यात अधिकारी होते. १८०१ साली हृदयविकाराच्या झटक्याने ते अकस्मात वारले, तेव्हा थॉमसला सहावे वर्षही पुरे झालेले नव्हते. आई मार्था आणि मावशी सुझन डेलाफील्ड यांनी मुलाचे संगोपन केले. त्याचे आरंभीचे शिक्षण मावशीनेच केले. पुढे वॉर्मिन्स्टर येथे व १८०७ पासून विंचेस्टरच्या प्रसिद्ध शाळेत त्याचा विद्याभ्यास झाला. १८११ साली तो ऑक्सफर्डच्या कॉर्पस क्रिस्टी महाविद्यालयात दाखल झाला. १८१४ मध्ये ग्रीक व लॅटिन वाङ्मयात प्रथम वर्ग मिळाला आणि पुढील वर्षी ओरिएल महाविद्यालयाची फेलोशिप त्यास प्राप्त झाली. अशा मनुष्याने ऑक्सफर्डातच राहून विद्वत्तेची कीर्ती संपादन करावी, हे स्वाभाविक होते. पण आर्नल्ड यांनी निराळी वाट धरली.

१८१९ साली ते थेम्स नदीकाठच्या लेलहॅम या लहानशा गावी जाऊन राहिले आणि विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांना आपल्या घरी ठेवून शिकवू लागले. पुढील वर्षी मेरी पेनरोझ या विदुषीशी त्यांचा विवाह झाला. या गावी त्यांनी नऊ वर्षे काढली. चरित्रकार हा काळ बहुधा दोन ओळींत उरकतात; आम्हांस मात्र तो फार महत्त्वाचा वाटतो. शिष्य मोजके, वय सतरा-अठराचे, राहणे गुरूच्याच घरात. जेवण एकत्र, फिरावयास जाणे एकत्र, नदीत पोहणेही एकत्र. आपल्याकडील जुन्या पाठशाळांत गुरुगृही राहून विद्या घेत, त्याच धर्तीचा हा प्रकार होता. कोणता मुलगा आळसाने मागे पडतो व कोणता कष्ट करूनही मागे पडतो, हे चाळीस मुलांच्या वर्गात चटकन कळत नाही. एका छपराखाली राहिले म्हणजे ते कळते.

याच लेलहॅममध्ये एक प्रसंग घडला. एका मंदबुद्धी मुलावर आर्नल्ड शिकविताना फार रागावले. त्या मुलाने मान वर करून त्यांच्याकडे पाहिले आणि, आपण रागावता कशासाठी, मी माझ्या शक्तीप्रमाणे सारे करीत आहे, अशा अर्थाचे काही तो नम्रपणे बोलला. आर्नल्ड यांच्या काळजाला ते शब्द लागले. पुढे अनेक वर्षांनी ते ही हकीगत आपल्या मुलांना सांगत, आणि त्या दृष्टीने व त्या शब्दांनी आपल्याला जेवढी लाज वाटली तेवढी जन्मात कधी वाटली नाही, असे कबूल करीत. अंगी बुद्धी थोडी पण कष्ट प्रामाणिक, अशा विद्यार्थ्यापुढे आपण टोपी काढून उभे राहू, ही त्यांची वृत्ती पुढे जन्मभर राहिली. स्वतः प्रथम वर्गात आलेल्या शिक्षकाच्या ठिकाणी हा गुण असणे किती दुर्मीळ आहे, हे ज्यांनी शाळेत दिवस काढले आहेत त्यांस निराळे सांगावयास नको. हुशार शिक्षकाला मंद मुलाचे दुःख सहसा कळत नाही.

१८२७ च्या अखेरीस वॉरिकशायरमधील रग्बी येथील शाळेच्या मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली. आर्नल्ड यांचा अर्ज उशिरा पोहोचला. परंतु ओरिएलचे हॉकिन्स यांनी शिफारसपत्रात असे भाकीत केले की, या गृहस्थांस नेमल्यास इंग्लंडातील सर्व पब्लिक स्कूलांच्या शिक्षणाचे स्वरूपच पालटून जाईल. विश्वस्तांनी त्यांची निवड केली आणि ऑगस्ट १८२८ मध्ये ते रग्बीस रुजू झाले.

ही शाळा जुनी होती. लॉरेन्स शेरिफ नावाच्या लंडनच्या एका किराणा व्यापाऱ्याने आपल्या गावच्या मुलांसाठी १५६७ साली तिची स्थापना केली. दूरदूरच्या श्रीमंतांची मुले पुढे तेथे राहावयास येऊ लागली. त्या काळच्या अशा शाळांची स्थिती वाचून आजचा पालक थक्क होईल. १७९७ साली रग्बीच्या मुलांनी बंड करून मुख्याध्यापकांच्या वर्गाचे दार सुरुंगाच्या दारूने उडविले व ते शमविण्यास सैनिक बोलवावे लागले. शिक्षक वर्गापुरते मुलांना भेटत. वर्ग सुटला की थोरल्या मुलांचे राज्य सुरू होई. मोठ्यांनी लहानांकडून चाकरी करून घ्यावी, यास ‘फॅगिंग’ म्हणत. मुले राहत ती घरे बहुतांशी गावातील बायकांनी चालविलेली, खाणावळवजा होती. तेथे जेवण मिळे, देखरेख मिळत नसे. काही मुलांनी शिकारी कुत्र्यांचा कळपदेखील पाळला होता! तो आर्नल्ड यांनी बंद केला.

सर्व वाचकांस रग्बी हे नाव त्या चेंडूच्या खेळावरून ठाऊक असेल. त्या खेळाशी आमच्या चरित्रनायकाचा काही संबंध नाही, एवढे सांगून आम्ही पुढे जातो.

शाळेत सुमारे तीनशे मुले आणि सिक्स्थ फॉर्ममध्ये त्यांपैकी तीस-एक. थोरल्या मुलांची सत्ता मोडून काढावी, की ती सत्ता राहू देऊन तिच्यात जबाबदारी घालावी, असा प्रश्न आर्नल्ड यांच्यापुढे होता. त्यांनी दुसरा मार्ग पत्करला. फॅगिंगचा अधिकार त्यांनी केवळ या वरच्या वर्गाकडे ठेवला. या मुलांना ‘प्रीपॉस्टर’ म्हणत. लहानांचे रक्षण, शिस्त, सत्याचरण, या सर्वांसाठी ही मुले मुख्याध्यापकांस जबाबदार. आर्नल्ड त्यांना वारंवार बजावीत की, शाळेतील दुराचाराचा त्यांनी प्रतिकार केला नाही तर एकटा मुख्याध्यापक काही करू शकणार नाही. या पद्धतीवर टीका झाली तेव्हा १८३५ साली त्यांनी लेख लिहून तिचे समर्थन केले. सोळा वर्षांच्या मुलाला छडी चालविण्याचा अधिकार द्यावा काय, याविषयी आमचे मत प्रतिकूल आहे. पण त्या अधिकाराबरोबर त्यांनी त्या मुलांना जे दिले, ते पाहिले पाहिजे.

पहिली गोष्ट, हा वर्ग ते स्वतः शिकवीत. महाद्वारावरील ग्रंथालयाच्या खोलीत हा वर्ग भरे. शिकविण्याची रीत प्रश्नोत्तरांची होती. स्वतःहून माहिती सांगण्यास ते नाखूष असत. मुलाने विचार करून उत्तर दिले म्हणजे बक्षीस दिल्याप्रमाणे ते आपल्याजवळची माहिती देत. ग्रीक व लॅटिन उताऱ्याचा अर्थ शब्दाला शब्द लावून नव्हे, तर चांगल्या इंग्रजीत सांगावा, असा त्यांचा आग्रह असे. एखादी गोष्ट आपल्याला ठाऊक नसेल तर तसे ते वर्गात मोकळेपणाने सांगत. वर्षानुवर्षे शिकविलेला पाठही प्रत्येक वेळी नव्याने वाचून ते वर्गावर जात, कारण जो शिक्षक स्वतः शिकावयाचा थांबला त्याच्याकडून मुलांना साचलेले पाणी मिळते, अशी त्यांची धारणा होती. जुन्या भाषांच्या जोडीस अर्वाचीन इतिहास, फ्रेंच व गणित हे विषय त्यांनी नियमित अभ्यासक्रमात आणले. यांपैकी भाषा व गणित यांच्या अध्यापनाची व्यवस्था फारशी चांगली नव्हती, हेही नमूद करावयास हवे.

दुसरी गोष्ट विश्वासाची. वरच्या वर्गातील मुलाने काही सांगितले की ते खरे धरून चालत. पुरावा मागत नसत. मुलगा अधिक खुलासा करू लागला तर त्याला थांबवीत आणि त्याचा शब्द आपल्याला पुरेसा आहे, असे सांगत. परिणाम असा झाला की, आर्नल्ड यांच्याशी खोटे बोलणे ही लाजिरवाणी गोष्ट आहे, कारण ते नेहमी विश्वास ठेवतात, असे मुले आपापसांत म्हणू लागली. आमच्या मते त्यांच्या साऱ्या सुधारणांत ही सर्वांत मोठी. यास पैसा लागत नाही, इमारत लागत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे, त्यांचे दार. त्यांच्या अभ्यासिकेस चौकातून वर जाणारा स्वतंत्र जिना होता. घरातून, नोकरांसमोरून जाण्याचा संकोच मुलाला पडत नसे. अडचण घेऊन येणाऱ्या मुलास हा जिना केवढा आधार वाटत असेल! आम्ही अशी वसतिगृहे पाहिली आहेत की, तेथे रेक्टरसाहेबांना भेटावयाचे तर आधी शिपाई, मग कारकून, मग अर्ज. सोळा वर्षांचा मुलगा एवढ्या पायऱ्या चढून आपले दुःख सांगावयास जात नाही. तो परत खोलीत जाऊन निजतो. आर्नल्ड सिक्स्थ फॉर्ममधील दोन-चार मुलांना पाळीपाळीने आपल्या घरी जेवावयास बोलावीत. सुट्टीत वेस्टमोरलंडच्या सरोवर-प्रदेशातील आपल्या ‘फॉक्स हाऊ’ या घरी काही मुलांना नेत. तेथे कविवर्य वर्ड्‌स्वर्थ हे त्यांचे शेजारी होते. मुलगा शाळा सोडून विद्यापीठात गेला तरी पत्रव्यवहार चालू राही. त्यांची कितीतरी पत्रे जुन्या विद्यार्थ्यांना लिहिलेली आहेत. नऊ मुलांचा संसार, शाळेचा कारभार, थ्युसिडिडीझच्या ग्रंथाची तीन खंडांतील आवृत्ती, रोमचा इतिहास, एवढा व्याप सांभाळून हा मनुष्य एकेका मुलाला पत्र लिहीत बसे.

केवळ मुख्याध्यापकांनी जिव्हाळा दाखवून तीनशे मुलांची काळजी वाहिली जात नाही, हे आर्नल्ड ओळखून होते. म्हणून त्यांनी आणखी एक व्यवस्था केली, आणि तिचे महत्त्व त्यांच्या व्यक्तिमत्त्वाच्या तेजापुढे झाकले गेले आहे. गावातील बायकांकडे असलेली वसतिगृहे जसजशी रिकामी होत गेली, तसतशी ती त्यांनी शिक्षकांच्या ताब्यात दिली. पूर्वी शिक्षक आजूबाजूच्या खेड्यांत धर्मोपदेशकाचे जोडकाम करून पोट भरीत. आर्नल्ड यांनी त्यांचे वेतन वाढविले व जोडकाम बंद करविले. शिक्षक मुलांच्या घराचा प्रमुख झाला. आजारपण, अभ्यास, वागणूक, सारे त्याच्या नजरेखाली आले. दर तीन आठवड्यांनी ते शिक्षकांची सभा घेत व तेथे मोकळेपणाने विचारविनिमय होई. ‘हाऊस’ आणि ‘हाऊसमास्टर’ यांची जी पद्धती आज जगभर दिसते, तिची घडण पुष्कळशी येथे झाली. आपल्याकडील शाळांत मुलांचे चार गट पाडून त्यांना रंगीत फिती देतात, तो या पद्धतीचा केवळ बाह्य वेष होय.

१८३१ साली शाळेच्या प्रार्थनामंदिरातील धर्मोपदेशकाची जागाही त्यांनी वेतन न घेता स्वीकारली. दर रविवारी तेथे ते थोडक्यात प्रवचन करीत. ख्रिस्ती धर्माचरण हे त्यांच्या दृष्टीने शिक्षणाचे पहिले उद्दिष्ट होते. सदाचार दुसरे आणि बुद्धीचा विकास तिसरे. परंतु त्या मंदिरातील प्रवचनांतून मुलांना विशेषेकरून जे जाणवे ते हे की, समोर उभा असलेला मनुष्य आपल्याशी बोलत आहे, आपल्याच शाळेतील, आपल्याच वयाच्या मोहांविषयी बोलत आहे.

येथवर वाचून आर्नल्ड म्हणजे निर्दोष महात्मा, अशी कोणाची समजूत झाली असेल तर ती दूर केली पाहिजे. त्यांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, १८४४ साली, त्यांचे शिष्य आर्थर स्टॅन्ली यांनी लिहिलेल्या चरित्राने त्यांना देवपदास नेले. टॉमस ह्यूझ या दुसऱ्या शिष्याच्या १८५७ मधील ‘टॉम ब्राऊन्स स्कूलडेज’ या कादंबरीने ते घराघरांत पोहोचविले. आणि १९१८ साली लिटन स्ट्रेची यांनी आपल्या उपहासप्रचुर ग्रंथात त्यांना पार खाली ओढले. खरा मनुष्य या दोहोंच्या मधे कोठेतरी आहे.

१८३२ च्या सुमारास एक मुलगा, अमुक उतारा वर्गात वाचलेला नाही, असे सांगत होता. शिक्षकाने ते नाकारले. आर्नल्ड यांनी मुलावर विश्वास न ठेवता त्यास वर्गासमोर अठरा छड्या मारल्या. मुलगा प्रकृतीने अशक्त होता, आणि मागाहून निष्पन्न झाले की तो खरे बोलत होता. आर्नल्ड यांनी त्या मुलाची व सर्व शाळेसमक्ष क्षमा मागितली. वर्तमानपत्रांनी त्यांना सोडले नाही, आणि ते योग्यच झाले. वरच्या वर्गातील मुलाचा शब्द प्रमाण आणि खालच्या वर्गातील मुलाचा शब्द संशयास्पद, असा भेद ज्या व्यवस्थेत असतो तेथे केव्हातरी हे घडावयाचेच.

१८३३ साली एव्हन नदीवर मासे धरण्यावरून मुले व एका जमीनदाराचे रखवालदार यांचा तंटा झाला आणि मुलांनी एका रखवालदारास नदीत लोटून दिले. अपराधी कोण, हे सिक्स्थ फॉर्मच्या मुलांनी सांगावे, अशी आर्नल्ड यांची अपेक्षा होती. ती मुले मूग गिळून बसली. शेवटी काही मुलांना शाळेतून काढावे लागले. विश्वासाने बांधलेली मुलेही सोबत्यांच्या विरुद्ध तोंड उघडत नाहीत, हा धडा प्रत्येक मुख्याध्यापक आपापल्या पाळीने शिकतो. शाळेत राहून ज्या मुलाचे भले होणार नाही त्याला काढून नेण्याविषयी पालकांना सुचविण्याची आर्नल्ड यांची प्रथाही वादग्रस्त ठरली. त्यांचे म्हणणे असे की, यात शिक्षा नाही, बदनामी नाही. कधी ते अशा मुलासाठी खाजगी शिक्षकाची व्यवस्थाही पाहत. तरीपण काढला गेलेला मुलगा तो काढला गेलेलाच.

सर्वांत गंभीर आक्षेप रग्बी गावच्या लोकांचा होता. शेरिफने शाळा स्थापिली ती गावच्या मुलांसाठी. आर्नल्ड यांची नजर वरच्या वर्गावर. खालचे वर्ग दुर्बल होऊ लागले आणि ज्या गावकऱ्यांना आपली लहान मुले तेथे घालावयाची होती त्यांना दार अर्धे मिटल्यासारखे झाले. गावातील एक वकील राटिस्लॉ यांनी फिर्याद केली, आणि १८३९ साली न्यायाधीश लॉर्ड लँगडेल यांनी गावकऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. माथ्यावरील तीस मुलांची काळजी घेताना पायाशी असलेल्यांचा हक्क बुडाला, हे आर्नल्ड यांच्या कारकिर्दीवरील किटाळ आहे. शाळांच्या बाबतीत आम्हांस नेहमी असे दिसून आले आहे की, गुणवत्ता यादीत येणाऱ्या मुलांभोवती सर्व शिक्षक गोळा होतात आणि काठावरची मुले काठावरून घसरतात. ज्ञातिसंस्थांच्या शिष्यवृत्तीचीही हीच कथा आहे. नव्वद टक्केवाल्याला तीन ठिकाणांहून शिष्यवृत्ती मिळते. पन्नास टक्केवाल्याच्या बापाला फीसाठी दागिना गहाण ठेवावा लागतो.

वरच्या मुलांनासुद्धा या पद्धतीचा भार सोसावा लागला. आर्थर ह्यू क्लॉ याची कथा हृदयद्रावक आहे. त्याचे आईवडील अमेरिकेत चार्ल्सटन येथे. हा १८२९ पासून, वयाच्या अकराव्या वर्षी, रग्बीस. सुट्टीतही नातलगांकडे दिवस काढावे लागत. आर्नल्ड यांच्या घरात त्यास माया मिळाली आणि तो सर्वांचा लाडका झाला. अभ्यासात अग्रेसर, शाळेच्या मासिकाचा संपादक, लहानांचा कैवारी. गुरूने सांगितलेली सारी जबाबदारी त्याने अक्षरशः शिरावर घेतली. बेलिअल महाविद्यालयाची शिष्यवृत्ती मिळवून तो ऑक्सफर्डास गेला, आणि १८४१ च्या परीक्षेत त्यास द्वितीय वर्ग मिळाला. निकाल कळताच तो ऑक्सफर्डहून रग्बीपर्यंत पायी चालत आला आणि आर्नल्ड यांच्यापुढे उभा राहून आपण अपयशी ठरलो, असे त्याने सांगितले. दोन्ही गावांत चाळीस-पन्नास मैलांचे अंतर आहे. आईबापांकडे नव्हे, मित्राकडे नव्हे, अपयश सांगावयास मुलगा गुरूकडे आला, यात आर्नल्ड यांचा विजय दिसतो. आणि द्वितीय वर्गाला तो अपयश समजला, यात त्यांचा पराजय दिसतो. दोन्ही गोष्टी एकाच वाटेने चालत आल्या. क्लॉ पुढे चांगला कवी झाला, पण मनाची दोलायमानता त्यास अखेरपर्यंत सुटली नाही. १८६१ साली तो फ्लॉरेन्स येथे मरण पावला. मुलाची काळजी वाहणे आणि मुलावर आपल्या अपेक्षांचे ओझे लादणे यांतील सीमारेषा फार बारीक असते. चांगल्या शिक्षकाकडून व प्रेमळ आईबापाकडून ती अधिक सहजपणे ओलांडली जाते.

भारताशीही या शाळेचा धागा जोडलेला आहे, आणि तो एकरंगी नाही. रग्बीतील एका बेशिस्त वसतिगृहास वळण लावण्यासाठी आर्नल्ड यांनी विल्यम हॉडसन नावाच्या एका धडाडीच्या प्रीपॉस्टरला तेथे नेमले. ते काम त्याने चोख बजावले. हाच तो हॉडसन, ज्याने सप्टेंबर १८५७ मध्ये दिल्लीस बहादूरशहास कैद केले आणि दुसऱ्या दिवशी शरण आलेल्या शहजाद्यांना स्वहस्ते गोळ्या घातल्या. त्या वेळी आर्नल्ड जाऊन पंधरा वर्षे लोटली होती. मुलाच्या हाती अधिकार देताना काय जागे होते, हे देणाऱ्याला पूर्णतः कळत नाही, एवढेच आम्ही म्हणू. ते वसतिगृह ज्यांच्याकडे होते ते शिक्षक जॉर्ज कॉटन. तेच पुढे कलकत्त्याचे बिशप होऊन आले आणि सिमल्याच्या शाळेची १८५९ मधील स्थापना त्यांच्या पुढाकाराने झाली. रग्बीची पद्धती त्यांच्याबरोबर या देशात आली. १८६६ साली बंगालमध्ये कुश्तिया येथे ते नदीत बुडून वारले. आर्नल्ड यांचा मुलगा विल्यम हा पंजाबात विद्याखात्याचा संचालक होता. मायदेशी परतताना १८५९ साली जिब्राल्टर येथे त्याचा अंत झाला. थोरला मुलगा मॅथ्यू हा कवी व टीकाकार म्हणून विख्यात झाला, आणि पस्तीस वर्षे त्याने शाळा-तपासनीसाचे काम केले. जेन या कन्येचे पती विल्यम फॉर्स्टर यांनी १८७० चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा पार्लमेंटात मांडला. बापाने वरच्या वर्गाकडे लक्ष दिले. जावयाने तळच्या मुलांसाठी कायदा केला.

इंग्लंडात सिक्स्थ फॉर्म हे नाव आजही आहे. श्रीमंतांच्या शाळेतील तीस मुलांपुरते ते राहिलेले नाही. १९५१ पासून त्या दोन वर्षांच्या अखेरीस ‘ए लेव्हल’ ही परीक्षा असते. १९६६ साली ल्यूटन येथे केवळ याच वयाच्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र महाविद्यालय निघाले, व मागून तशी पुष्कळ निघाली. अशा संस्थांतून विद्यार्थ्याला विषय शिकविणाऱ्यांखेरीज त्याची वैयक्तिक विचारपूस करणारा एक शिक्षक नेमून देण्याची पद्धत आहे. हजेरी कमी का झाली, घरी काही दुखणे आहे काय, पुढे कोणता अभ्यासक्रम घ्यावा, हे सारे त्याने पाहावयाचे. आपल्या ज्ञातीत निवृत्त शिक्षक, बँकेतील सेवानिवृत्त, डॉक्टर, अभियंते पुष्कळ आहेत. प्रत्येकाने अकरावीतील एकेक मूल पत्करले आणि महिन्यातून एक सायंकाळ त्याच्याबरोबर घालविली, तर संस्थेला एक पैचाही खर्च नाही. याद्या करण्याचे काम आम्ही स्वतः आनंदाने करू.

१८४१ साली ऑक्सफर्डने आर्नल्ड यांस अर्वाचीन इतिहासाच्या राजनियुक्त प्राध्यापकपदाचा मान दिला. डिसेंबरात झालेल्या त्यांच्या पहिल्या व्याख्यानास एवढी गर्दी लोटली की, ते शेल्डोनियन सभागृहात द्यावे लागले. रग्बी त्यांनी सोडली नाही. १८४२ च्या जूनमध्ये सत्र संपत आले. शनिवार, ११ जून रोजी रात्री आपल्या वसतिगृहातील काही मोठ्या मुलांना त्यांनी घरी भोजनास बोलाविले होते. मुले दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुट्टीसाठी घरी जाणार, त्यापूर्वीची ही भेट. ती मुले निरोप घेऊन गेली. रविवारी पहाटे आर्नल्ड यांच्या छातीत कळ आली. वडिलांना ज्या विकाराने नेले तोच हा. डॉक्टर आले, पत्नी व पुत्र थॉमस जवळ होते. सकाळीच त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. दुसऱ्या दिवशी त्यांस सत्तेचाळीस वर्षे पूर्ण व्हावयाची होती.

शाळेच्या प्रार्थनामंदिरातच, वेदीखाली, त्यांचे दफन झाले. त्यांच्या पत्नी मेरी फॉक्स हाऊ येथे जाऊन राहिल्या आणि १८७३ साली निवर्तल्या.